अर्धं बोट

पेन कागदावरून उचलले गेले, तेव्हा जुन्या गिऱ्हाईक गुरम्माच्या ब्लाउजचा उजवा मुंढा, बाही जिथे जोडायची तो खोलगट गोल, खाकी कागदावर पुरा झाला होता. पेन फिरवणाऱ्या, जुन्या प्रिंटरमधून काढलेल्या दोन मोटारी थांबल्या. मंजुश्रीने लिहिलेला प्रोग्राम जी-कोडची, म्हणजे यंत्राच्या हालचालींच्या भाषेची, एकेक ओळ वाचून पेनाला पावले सांगत असे. कालपर्यंत तो वळणाचे तुकडे पाडीत होता. आज प्रथमच त्याने गोलाला गोल राहू दिले होते.

जगदेवीने डाव्या हाताचे बोट रेषेवरून फिरवले. अर्धांगवायूनंतर उजवा हात मांडीवरच पडून असे. उदगीरमधले तिचे शिलाईचे दुकान उन्हाळ्यापासून बंद होते. उघडायचे की विकायचे, हे या कागदावर ठरणार होते.

“कुठं कोपरा लागंना,” ती लेकीला म्हणाली. “माझ्या खडूचाच गोल हाय.”

“आता डावा बघ, अव्वा. एकच ओळ. उजवाच उलटा करायचा.”

“थांब. गुरम्माचं कापड मी दुमडून कापत न्हाई.”

“का?”

“डावा खांदा उतरलाय तिचा. डावा मुंढा अर्धं बोट खाली घेते मी. बावीस वर्षं झाली.”

“गुरम्मामावशीला कधी सांगितलं न्हाईस?”

“सांगून खांदा वर येतो का? आरशात सरळ दिसती बाई, लई खूश होऊन जाती.”

यंत्राला बोट कळत नव्हते. मंजुश्रीने आईचे बोट पट्टीवर आडवे ठेवून रुंदीच्या निम्मे मोजले. आठ मिलिमीटर. उलटे करण्याची ओळ तिने खोडली आणि डावे वळण नव्याने लिहिले. मग सवयीने कंस उघडून टाइप केले : गुरम्मा, डावा खांदा

“ते काय लिहायलीस?”

“आठवणीला. कंसातलं मशीन वाचत न्हाई, अव्वा. सोडून पुढं जातं.”

“मशीन न्हाई वाचत. माणसं वाचतेत.” जगदेवीने पडद्यावरच्या अक्षरांकडे बोट केले. “तुझ्या ध्यानात ऱ्हाईल का न्हाई?”

“ऱ्हाईल.”

पंख्याच्या वाऱ्याने कागदाचा कोपरा फडफडत होता. जगदेवीने कमरेची दुकानाची किल्ली काढून त्यावर ठेवली.

मंजुश्रीने अक्षरे पुसून यंत्र चालू केले. रिकामे कंस ओलांडून प्रोग्राम पुढच्या ओळीवर गेला, आणि पेन डावीकडे सरकून, आठ मिलिमीटर खाली, अलगद टेकले.