परवा आमचे हे म्हणाले

"मला तर ती बाई खोटारडीच वाटते," पुढच्या सीटवरची सून सासूला म्हणाली, आणि मागे बसलेल्या मंगलाबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बस सुलतान बाजारहून सिकंदराबादला निघाली होती. बायकांना तिकीट माफ झाल्यापासून बसचा पुढचा भाग माहेरपणाला आल्यासारखा भरलेला असतो. सासू-सून मोकळ्या आवाजात बोलत होत्या. बसमध्ये आपली मराठी दुसऱ्या कुणाला कळत नाही, असा हैदराबादच्या मराठी माणसाचा ठाम समज आहे. मंगलाबाई स्वतःही याच समजावर आयुष्यभर लोकांच्या साड्यांना नावं ठेवत आल्या होत्या.

बोलणं चाललं होतं 'दुसरा चहा'बद्दल. शहरातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर दर रविवारी तासभर मराठी गप्पा. श्रोत्यांचे फोन, आणि फोन आले नाहीत तर मंगलाबाईंची बडबड. त्यांचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता, पण आवाज घराघरात होता. तेव्हा आत्ता तोंड उघडायची सोय नव्हती.

आणि त्यांच्याबद्दलची तक्रार काही नवी नव्हती. रेडिओचं काम बघणाऱ्या निखिलने श्रोत्यांची मतं मागवली होती. पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेल्यांचं म्हणणं एकच. बाई गोड बोलतात, पण दर दोन वाक्यांनी काय ते 'परवा आमचे हे म्हणाले'. निखिल भला मुलगा. काकांना आता रजा द्या, नाहीतर कार्यक्रम दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल, हे त्याने खाली मान घालून सांगितलं होतं. मंगलाबाईंनी पुष्कळ विचार केला. कार्यक्रम सुटला तर रविवार कसा काढायचा, हे काही सुचेना. शेवटी मनाशी कबूल केलं की नरहररावांना, म्हणजे आपल्या 'ह्यां'ना, सोडायचं. उद्याच्या कार्यक्रमाआधी निखिलला तेवढं सांगायला त्या निघाल्या होत्या.

सुनेचं नाव ऋचा. ती लग्न होऊन पुण्याहून आलेली. तिचा राग तसा रास्त होता. परवा आमचे हे म्हणाले, चल नारायणगुड्याच्या इराण्याकडे, असं बाईंनी रेडिओवर रंगवून सांगितलं होतं. कोपऱ्यातलंच टेबल का धरायचं, उस्मानिया बिस्किट चहात किती बुडवायचं, सगळं. ऋचा नवऱ्याला घेऊन हौसेने गेली. तिथे मोबाईलचं दुकान होतं. हॉटेल बंद पडून जमाना झाला, असं दुकानदार हसत हसत म्हणाला म्हणे.

सासूही हसली. ती जुनी हैदराबादी. तिने सुनेला समजावलं की इथल्या दख्खनीत कालच्या मागचं सगळंच 'परसों' असतं, मग दोन दिवस झालेले असोत नाहीतर वीस वर्षं. आपली इथली मराठीसुद्धा त्याच वळणावर गेली.

"तुमच्या पुण्याचं परवा वेगळं, ऋचा. आमच्याकडे निजाम बी परवाच गेला."

त्या बाईंचे यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली, असं ती पुढे म्हणाली. ऋचा ओशाळली. मंगलाबाईंना जरा बरं वाटलं. पण सासू थांबली नाही. ते गृहस्थ तिच्या चांगले पाहण्यातले होते. ऑफिसात तिच्या यजमानांच्या टेबलाला टेबल लावून बसायचे.

हिमायतनगर आलं होतं. इथेच उतरून जावं, असं मंगलाबाईंना वाटलं. पण पुढचं ऐकायचंही होतं.

सासूने सगळं सांगून टाकलं. नरहरराव म्हणजे तोंडात मिठाची गुळणी. 'हं' आणि 'बरं' यांवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. एकदा घरी जेवायला आले, तर पुरे म्हणायच्या ऐवजी ताटावर हात आडवा धरला. माणूस वाईट नव्हता. लाजरा होता.

खरं होतं ते. इराण्याकडेही दोघं समोरासमोर बसून बिस्किटं संपवायची आणि घरी यायची. बोलायच्या मंगलाबाई. ते ऐकायचे, निदान ऐकतात असं त्या धरून चालायच्या. ते गेल्यानंतर एका रविवारी रेडिओवर एकही फोन आला नाही. माइक उघडा, समोर कुणी नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांच्या तोंडून निघून गेलं, परवा आमचे हे म्हणाले. मग ते म्हणतच गेले. लोणच्याच्या मिठावर बोलले, जावयांवर बोलले, हळूहळू विनोदही करायला लागले. एकदा तर बायकोच्या निळ्या साडीबद्दल बोलले. संसारात त्यांना साडीचा रंग कधी कळला नव्हता.

"म्हणजे सगळं बनवून सांगतात?" ऋचाने विचारलं. "आणि तुम्हाला हे ठाऊक आहे, आई?"

"हौ. ऑफिसातल्या आमच्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे."

"तरी ऐकता?"

मागे मंगलाबाईंनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली.

"जिवंतपणी शब्द फुटला नाही गं त्यांना," सासू म्हणाली. "आत्ता कुठे बोलायला लागलेत. बोलू देत की."

मंगलाबाईंच्या पर्समध्ये फोन वाजला. निखिल होता. काय ठरलं, ते विचारायलाच असणार. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि फोन घेतला.

"बोल रे निखिल."

पुढच्या दोन्ही माना गर्रकन मागे वळल्या.

"हौ, बसमध्येच आहे. ठरलं माझं," मंगलाबाई म्हणाल्या. "उद्या आम्ही दोघंही येतोय."