जाळीच्या दाराआडून

"तुम्ही माझ्या नाटकाचा गळा दाबलाय, आणि वर म्हणता भाषा तपासली."

शिवलीलानं संहिता टेबलावर आपटली. अध्यक्षांनी चहाचा कप उचलून बाजूला ठेवला. बेंगळुरातल्या जयनगरच्या मराठी मंडळाच्या हॉलमधली तालीम थांबली होती. अध्यक्षांच्या पत्नी सोयराबाई नाटकातल्या आईचं काम करत होत्या. सेटवरच्या जाळीच्या दारामागे त्या तशाच उभ्या राहिल्या. प्रयोग आठ दिवसांवर आला होता, आणि शेवटच्या पानावर आईच्या एका ओळीवर लाल रेघ होती. तिच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'चालती हो माझ्या घरातून!' अक्षर चांगलं असलेल्या माणसांना आपण लिहू तेच बरोबर वाटतं.

अध्यक्षांचं म्हणणं साधं होतं. मंडळ मराठी, नाटक मराठी, मग ऐन शेवटचं वाक्य कन्नडमध्ये कशाला? शिवाय नाटकाला धड एक रस नाही. वीस मिनिटं लोक हसणार, मग एकदम हे असलं. हसवायचंय की रडवायचंय ते आधी ठरव, म्हणाले. एखादं शिबिर केलं असतंस तर कळलं असतं.

शिवलीलानं शिबिर केलं नव्हतं. ती निपाणीकडची. महादेवपुऱ्यात एका कंपनीच्या रिसेप्शनवर बसायची आणि जुन्या व्हिजिटर रजिस्टरांच्या उरलेल्या पानांवर नाटक लिहायची. दिवसातून दोनशे वेळा अनोळखी माणसांना एकच प्रश्न विचारायची. 'हेळि सार, यारु बेकित्तु?' बोला साहेब, कोण हवं होतं? मऊ आवाजात, हसून. ते हसणं म्हणजे कुलूप असतं, हे तिला शिबिराशिवाय कळलं होतं. लाल रेघ मारली होती ती नेमकी याच प्रश्नावर. आईच्या तोंडी फक्त 'सार'च्या जागी 'अम्मा', म्हणजे 'बाई', होतं.

तिनं चौथ्यांदा समजावलं. नाटकातली आई पहिल्या पानापासून लेकीला मराठीत झोडपते. ताकात मीठ जास्त, केस मोकळे, जीभ दोन हात लांब. लोक हसतात. मग लेक स्वतःच्या मर्जीनं लग्न करते. वर्षानं परत येते, बेल वाजवते. आई जाळीशी येते आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी कन्नडमध्ये बोलते.

"तुमच्या इथल्या जुन्या मराठी घरांत उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर कन्नड, हे मी तुम्हाला शिकवू?" शिवलीला म्हणाली. "आई शिव्या घालते तोवर प्रेक्षक निर्धास्त असतो. आई सभ्य झाली की त्याला घाम फुटला पाहिजे. त्यासाठीच तर वीस मिनिटं हसवलं त्याला. तुम्ही लिहिलेली आई ओरडते. ओरडणाऱ्या आईचं दार अर्धं उघडंच असतं की."

लोकांना कन्नड कळणार नाही, असं अध्यक्ष म्हणाले. जावयाचं काम करणारा महांतेश फिसकन हसला. जन्म बेंगळुरात गेलेल्या माणसांना 'कोण हवं होतं' कळणार नाही म्हणे. अध्यक्षांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो चपलेशी चाळा करू लागला.

"मग 'स्वल्प' कसं ठेवलंत? 'सरी' कसं ठेवलंत? 'अक्का' तर पानोपानी आहे. बारा ठिकाणी कन्नड राहिली, आणि एवढीच ओळ खुपली?" शिवलीलानं विचारलं.

यावर धमकी आली. ही ओळ राहिली तर हॉल मिळणार नाही, नाटक रद्द समज. आणि अशी माणसं असतात तरी कुठल्या घरात? माझीच भव्या बघ, अध्यक्ष म्हणाले, कॅनडात जाऊन बसलीय, दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. म्हणून मी पोटच्या पोरीला परक्यासारखं...

त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

शिवलीला पार वैतागली होती. तिनं संहितेची पानं गोळा केली. ओळ आपली नाहीच, असं तिनं सांगून टाकलं. पहिल्या खर्ड्यात तिचीही आई ओरडतच होती. सोयराबाईंनी तालमीत थांबवलं होतं. आमच्यासारख्या घरांत कुणी ओरडत नाही, असं म्हणून त्यांनी हे वाक्य दिलं होतं. आपलंच रोजचं वाक्य त्यांच्या तोंडी ऐकून शिवलीलाला वाटलं होतं, बाई कसलेली नटी आहे.

सगळ्यांनी जाळीच्या दाराकडे पाहिलं.

"भव्या कॅनडात नाही गं," सोयराबाई आतून म्हणाल्या. "इथंच, बनशंकरीत असते. दोन वर्षांमागं उगादीच्या सणाला दाराशी आली होती. मी आत पुरणाच्या होळग्या लाटत होते. हे बाहेर गेले. यांनी तिला काय विचारलं, सगळं ऐकू आलं मला."

अध्यक्ष उठले. घरी चल म्हणाले, आधी दरडावून, मग हळू आवाजात, मग नुसतंच नाव घेऊन. त्यांनी जाळीच्या दाराला हात घातला. सोयराबाईंनी आतून कडी लावली.

चाळीस वर्षांत त्या नवऱ्याशी मराठीशिवाय एक शब्द बोलल्या नव्हत्या. भांडणंसुद्धा मराठीतच. त्यांनी पदर सारखा केला. चेहऱ्यावर कसलीही ओळख नसलेलं, नीटस हसू आलं.

"हेळि सार," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "यारु बेकित्तु?"