चाळणीत खडा उरला नाही

सगळ्यात वरच्या चाळणीत एकही खडा उरला नाही. माती तपासणारीने चाळण्यांची उतरंड पुन्हा हलवली. दुसरी रिकामी, तिसरीही. सगळी माती तळाच्या भांड्यात उतरली होती, पिठासारखी.

तीस वर्षं गाडलेली एक वस्ती रस्त्याच्या कामात उकरली गेली होती आणि तिथली माती तिच्या टेबलावर आली होती. या पिशवीवर लिहिलं होतं, 'नदीकाठचं शेवटचं घर'. ते तिचंच घर. वडील त्यातच गेले. तेव्हा ती तीन वर्षांची होती.

"दरड कोसळली," आई सांगायची. "आपण दोघी पलीकडच्या काठावर मावशीकडे होतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपलं. त्यांना कळलंसुद्धा नसेल."

एवढ्या आधारावर दोघींनी दिवस काढले होते.

पण दरड आली की धोंडे, खडे, वाळू, चिखल सगळं कालवून आणते. निवडत बसायला तिला सवड नसते.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्याच जागेवरून आलेला मातीचा उभा काप भिंगाखाली धरला. "थरावर थर बसलेत, वहीच्या पानांसारखे. दरड नाही ही. खाली कुठेतरी नदी तुंबली असणार. पाणी चोरपावलांनी चढलंय."

"किती वेळ लागला असेल?"

"दोन-तीन दिवस तरी. छपरावर चढून मदतीची वाट पाहण्याइतका." ते थबकले. "तुमचं कोणी होतं का तिथे?"

"नाही," ती म्हणाली.

घरी आई वाटाणे सोलत बसली होती. वस्ती उकरल्याची बातमी तिच्या कानावर आलीच होती.

"काय निघालं मातीत?"

मुलगी समोर बसली. तिनेही एक शेंग उचलली. आईशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. बसमध्ये ती दहादा घोकत आली होती.

"दरडच होती, आई. मोठमोठे धोंडे निघाले. क्षणात झालं असणार. बाबांना काही कळलं नसेल."

आईचे हात थांबले. मग तिने शेंगांचं ताट हळूच बाजूला सारलं.

"तुला आठवत नाही ते बरंय," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी त्यांच्या हाका थांबेपर्यंत मी तुझे कान झाकून बसले होते."