खड्ड्यापुढे थांबलेलं विमान

कॅप्टन आरजू सोलापूरला जाणारं विमान घेऊन धावपट्टीकडे निघाली होती. त्या मोठ्या विमानतळावर टॅक्सीवेचं, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्याचं, काम चाललं होतं. कंट्रोल टॉवरने सरळ जायला सांगितलं, पण पुढची पिवळी रेघ मधेच पुसलेली दिसली आणि आरजूने ब्रेक दाबला.

पहिल्या रांगेतले पुढारी हिंदुरावअण्णा हवाई सुंदरीवर खेकसले, "अवो, त्या बाईला म्हणावं, चल की फुडं! तितं सोलापुरात मान्सं हार घिऊन हुबी हायती!"

निरोप कॉकपिटमध्ये पोचला. आरजूने तो ऐकला, पण विमान तसूभरही हलवलं नाही. वाट दाखवायला तिने मागवलेली जीप आली, तेव्हा कळलं की वळणापलीकडे रस्ताच खोदून ठेवला होता, आणि कठडा लावायचं राहून गेलं होतं. आरजूने प्रवाशांना उशिराचं कारण सांगितलं आणि सगळ्यांना सुखरूप सोलापुरात आणून उतरवलं.

संध्याकाळी आरजूच्या घराजवळच्या चौकात नवाकोरा फ्लेक्स झळकत होता: "प्रसंगावधान राखून खड्ड्यापुढे विमान रोखणारे आपले लाडके हिंदुरावअण्णा यांचे हार्दिक अभिनंदन!"

खाली शुभेच्छुकांच्या फोटोंमध्ये आरजूचा सख्खा भाऊ सोहेब हात जोडून हसत होता.