चर्चमागचा थांबा

"ग्रुंडेलबाखची गाडी कधी बंद पडत नाही," हे एकेहार्टच्या घरात तीन पिढ्या अंगाईसारखं गायलं जाई. जपानी गाडीवाल्या जावयाला तर गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून चालत यावं लागे. आज ग्रुंडेलबाख कारखान्यात एकेहार्टच्या चाळीस वर्षांच्या चाकरीचा सत्कार होता, आणि नेमकी कडाक्याच्या थंडीत त्याची ग्रुंडेलबाख सुरूच होईना.

"चला सासरेबुवा, बसा माझ्या गाडीत," जावई गालात हसला.

"बसतो. पण फाटकावर नको, अलीकडे चर्चमागे उतरव. कुणी पाहिलं तर तोंड दाखवायला जागा नाही उरायची!"

टोपी डोळ्यांवर ओढून एकेहार्ट चर्चमागे उतरला.



तिथे परक्या कंपन्यांच्या गाड्यांची ही रांग लागली होती, आणि कॉलर वर केलेले कारखान्याचे मोठे साहेब दबक्या आवाजात सांगत होते, "घोळक्यानं नको, एकेकानं निघा."