विगशिवायची भेट

हॉटेलच्या बेसिनपाशी उभं राहून कस्तुरीनं विग काढला आणि कापडी पिशवीत ठेवला. शेजारी हात धुणारी बाई आरशातून बघतच राहिली. तिचा नळ वाहत होता. कस्तुरीनं तो बंद केला, पदर सारखा केला आणि बाहेर आली.

चार वाजायला पाच मिनिटं होती. इंदिरानगरचं हे उडुपी हॉटेल, खिडकीजवळचं टेबल, चार वाजता, असं बिंदुमाधवकाकांनी मध्ये पडून ठरवलं होतं. मुलगा मल्हार बोधनकर, नागपूरचा, दोन वर्षांपूर्वी इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत आलेला. फार मोजकं बोलतो, पण स्वभावानं सरळ, असं काका म्हणाले होते. त्याच्याकडे कस्तुरीचा फोटो गेलेला होता, चार वर्षांपूर्वीचा, गुडघ्यापर्यंतच्या वेणीचा. मुलाचा फोटो मागायची पद्धत नव्हती.

कल्पनाअक्का, तिची थोरली बहीण, सकाळीच बजावून गेली होती. "लग्न होईपर्यंत विग काढायचा नाही. नंतर सगळं सवयीचं होतं."

कस्तुरीनं मान हलवली होती. मनात मात्र वेगळंच ठरवलं होतं. मागच्या खेपेला साखरपुड्याच्या आठ दिवस आधी मुलाकडच्यांना विगचं कळलं. चामराजपेटच्या घरात येऊन त्यांनी तिच्या वडिलांना, अण्णांना, फसवे म्हटलं होतं. अण्णा दोन्ही हात जोडून उभे होते. ते हात कस्तुरीला पुन्हा बघायचे नव्हते. पाच मिनिटांत मुलगा उठून जाईल, साडेपाचपर्यंत आपण घरी पोचू, असा तिचा हिशेब होता.

खिडकीजवळ एक तरुण बसला होता. ती जवळ जाताच तो गडबडीनं उठला.

"कस्तुरी ना तुम्ही?"

"हो."

त्यानं तिच्या डोक्याकडे एकदा पाहिलं, मग डोळ्यांकडे. तो दचकला नाही. कस्तुरीच दचकली.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," तो म्हणाला.

"सरी, ऐकते, पण स्वल्प थांबा. आधी माझं ऐका. मग उठून गेलात तरी चालेल."

तो बसला. कस्तुरीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. आधी कंगव्यात पुंजके आले, मग रुपयाएवढा चट्टा पडला, सहा महिन्यांत डोकं रिकामं झालं. डॉक्टर त्याला अलोपेशिया म्हणतात. तो कुणाला लागत नाही, दुखत नाही. केस परत येतील किंवा येणारही नाहीत.

"या भुवयासुद्धा पेन्सिलीच्या आहेत," ती म्हणाली. "घाम आला की उजवी पुसली जाते. डावी टिकते, का ते माहीत नाही."

तो हसला. मग आपण हसलो म्हणून घाबरला. त्याचा चेहरा बघून कस्तुरीलाही हसू आलं.

"उन्हात चटका बसतो का?" त्यानं विचारलं.

चार वर्षांत लोकांनी तिला तेलं सांगितली होती, उपास सांगितले होते, गेल्या जन्मीचं पाप सांगितलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"बसतो ना. पण विग काढून पंख्याखाली बसलं की असा वारा लागतो म्हणून सांगू! तुम्हाला नाही कळायचं."

त्यानं कॉफी मागवली, एक बाय-टू, दोघांत अर्धी अर्धी. ती संपली तशी आणखी एक. कस्तुरी तिच्या नोकरीबद्दल बोलली. घड्याळाच्या कारखान्यात ती चिमट्यानं इवलीशी चक्रं बसवायची. धुळीमुळे तिथं सगळ्यांनाच टोपी घालावी लागे. ते आठ तास ती चारचौघींसारखी असे. अलीकडे मात्र जेवणाच्या सुट्टीत ती टोपीबरोबर विगही उतरवून ठेवू लागली होती. पहिल्या दिवशी टेबलावर सगळं चिडीचूप झालं. दुसऱ्या दिवशी प्रेमा नावाच्या मैत्रिणीनं लोणचं पुढं केलं आणि सगळ्या पुन्हा सासवांबद्दल बोलू लागल्या.

तोही बोलायला लागला की थांबत नव्हता. इथं आल्या आल्या तो ऑटोत बसला आणि कन्नडमध्ये 'होगी' म्हणायचं तिथं 'निल्सी' म्हणत राहिला. चला म्हणायच्या ऐवजी थांबा! बिचारा ऑटोवाला दर दहा पावलांवर थांबायचा आणि मागं वळून बघायचा. कस्तुरीला हसताना ठसका लागला. उजवी भुवई पुसली गेली. तिनं ती परत काढली नाही.

मोजकं बोलतो म्हणे, तिला वाटलं. काकांना माणसं कळत नाहीत.

बाहेर दिवे लागायला आले. वेटर दोनदा येऊन टेबल पुसून गेला. सव्वासहा झाले होते.

"रविवारी तुमच्या घरी येऊ का?" त्यानं विचारलं. "तुमच्या वडिलांना भेटायला. तुमची हरकत नसेल तर."

कस्तुरीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"सगळं ऐकून, बघून विचारताय?"

"हो. नाही म्हणालात तरी राग नाही."

"या," ती म्हणाली. तिनं पाण्याचा घोट घेतला. अण्णा दारात उभे आहेत आणि त्यांचे हात जोडलेले नाहीत, असं तिच्या डोळ्यांपुढं आलं. "आज घरी गेल्या गेल्या सांगते, मल्हार बोधनकर रविवारी स्वतःहून येतो म्हणाले."

त्यानं कप बशीत ठेवला. कान लालबुंद झाले होते.

"निहार सांगा. निहार आठल्ये. मी मल्हारच्या खोलीत राहतो," तो म्हणाला. "त्याला कालच कुणीतरी तुमच्या केसांचं सांगितलं. तो येणार नाही, एवढंच तुम्हाला सांगायला त्यानं मला पाठवलं होतं."