भाकरीचं ताट

लेकीच्या हळदीत मी डीजेपुढं नाचले, म्हणून आमच्या कोल्हारच्या चर्चच्या मंडळीचे पंच शिमोनकाका यांनी वर्षभर माझं प्रभुभोजन बंद केलं होतं. प्रभूच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीच्या तुकड्यांचं ताट माझ्यापर्यंत यायचं आणि काका ते तसंच शेजारच्या बाईपुढं न्यायचे. सगळं चर्च बघायचं.

शिक्षा संपली. या रविवारी काका साक्ष द्यायला उभे राहिले. "प्रभूनं मला नवा जन्म दिला, तवापासून माझ्या हातून एक पाप झालं न्हाई. इश्वास खरा असला की मानूस बिनपापाचा जगतोय!"

लोक 'हालेलुया' म्हणाले. सगळ्यात मोठ्यानं मी म्हणाले. कारण आज ताट फिरवायची पाळी महिला मंडळाची होती, आणि ती मी मागून घेतली होती.

पाळकसाहेबांनी नेहमीसारखं सांगितलं, "हे भोजन पाप्यांसाठी आहे. मनात आपलं पाप कबूल करा आणि घ्या."

मी एकेकापुढं ताट धरत काकांपाशी आले. त्यांनी हात पुढं केला. मी ताट मागं ओढलं.

"हे आमच्यासारख्या पाप्यांसाठी हाय, काका. तुमाला कशाला?"

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. सगळं चर्च बघत होतं. मला इतकं बरं वाटलं, की काही विचारू नका.

 

मग ताटातला सगळ्यात मोठा तुकडा मी स्वतःसाठी उचलला. माझं पाप अगदी ताजं होतं.